शीर सापडत नाही म्हणून मलम लावताय? आधी बीपी पाहा

चार वेळा टोचून झालं, दोन्ही हात सुजले, नातेवाईक दारात येऊन उभे राहिले, की मग कुणाला तरी नायट्रोग्लिसरीनच्या मलमाची आठवण येते. घाईघाईत ट्यूब पिळली जाते, वरून टूर्निकेट (शीर फुगवायला बांधायचा पट्टा) आवळला जातो आणि दोन मिनिटांत पुन्हा सुई. शीर मिळत नाहीच, वर पेशंटचं बीपी खाली. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, आणि एकदा स्वतःच्या हातून केलंय, की एकदाचं क्रमानं लिहून काढावं असं वाटलं.

हा लेख ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या नर्सेस, इंटर्न आणि नवीन मेडिकल ऑफिसर यांच्यासाठी आहे. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नाही. आणि मलमाच्या खोक्यावर ‘शीर शोधण्यासाठी’ असं कुठंही छापलेलं नसतं. ते छातीतल्या दुखण्याचं औषध आहे. म्हणून प्रत्येक वेळी डॉक्टरांची लेखी ऑर्डर हवी. ‘मॅडम म्हणाल्या होत्या’ हे केसपेपरवर चालत नाही.

टप्पा १: शीर आवळलेली आहे की रिकामी, हे ठरवा

सगळं गाडं इथंच अडतं. त्वचेतून आत गेलेलं नायट्रोग्लिसरीन नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि त्यानं शिरेच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो. एवढंच त्याचं काम. आवळून बसलेली शीर ते उघडतं. रिकामी शीर ते भरत नाही. ठिबकच्या नळीत पाणीच नसेल तर नळी कितीही रुंद घ्या, केळीच्या बुडाशी थेंब पडणार नाही.

आपल्याकडे दोन्ही प्रकारचे पेशंट येतात, आणि ऋतूप्रमाणे येतात. जानेवारीत धुळे-जळगावकडे पहाटे कडाक्याची थंडी असते. मफलर गुंडाळून टू-व्हीलरवर आणलेल्या म्हातारीचे हात बर्फ झालेले असतात. बीपी १४०, जीभ ओली, बोलणं नीट, फक्त हाताच्या शिरा गायब. ही आवळलेली शीर. इथं ऊब आणि मलम, दोन्ही काम करतात.

मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. केळीच्या घडांची गाडी भरणारा मजूर दुपारी आणला जातो. त्याचा हात हाताला गरम लागतो, तरी शीर नाही. ही रिकामी शीर. याला मलम लावणं म्हणजे आधीच कमी असलेलं रक्त अजून पसरवून टाकणं.

मी चुकले ती इथंच. असाच एक मजूर होता, तिशीतला, तब्येतीनं दणकट. दोनदा टोचून शीर मिळाली नाही म्हणून मी मलम लावलं. बीपी घेतलंच नव्हतं, ‘तरुण आहे, असेल ठीक’ म्हणून. आठ-दहा मिनिटांनी तो म्हणाला, ‘सिस्टर, डोळ्यांपुढं अंधारी येतेय.’ सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) ७०. मलम पुसलं, पाय वर केले, डॉक्टरांनी मानेतली शीर घेतली, दोन बाटल्या धावत्या सोडल्यावर तो सावरला. नंतर त्याच्या दोन्ही हातांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. मलमानं नव्हे, सलाइननं.

ओळखायचं कसं? थंड हातावर केशिका भरण्याची वेळ पाहू नका. थंडीनंच ती लांबते. छातीच्या मधल्या हाडावर बोटानं ५ सेकंद दाबा, सोडा आणि मोजा. २ सेकंदांच्या आत रंग परत आला, बीपी नीट आहे, नाडी १०० च्या आत आहे, जीभ ओली आहे आणि लघवी होतेय, तर शीर बहुधा आवळलेली आहे. तीन सेकंदांहून जास्त लागले, नाडी धावतेय, झोपवल्यावरही मानेची शीर सपाट आहे, तर रिकामी.

तिसरा प्रकार म्हणजे जळलेली शीर. वर्षानुवर्षं सलाइन लावून लावून ती टणक झालेली असते, बोटाखाली सुतळीसारखी लागते. ती मलमानंही उघडत नाही आणि उबेनंही नाही. तिच्यावर वेळ घालवू नका, दुसरी जागा शोधा.

> थांबा आणि तपासा: मोजलेलं बीपी कागदावर लिहिलंय का? नसेल तर ट्यूबला हात लावू नका. सिस्टोलिक ९० च्या खाली असेल, किंवा नेहमीच्या बीपीपेक्षा ३० नं उतरलेलं असेल, तर हा लेख टप्पा २ नंतर तुमच्या कामाचा नाही.

टप्पा २: तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत का?

मलमाला वेळ लागतो, कितीही घाई केली तरी. त्यामुळे ज्याला आत्ता, या मिनिटाला औषध हवंय, त्याच्यासाठी मलम नाही. हृदय बंद पडलंय, शॉक आहे, मोठा रक्तस्राव आहे, झटके थांबत नाहीत: इथं हातावर मलम चोळत बसणं हा गुन्हाच.

अशा वेळी आधी विचारा, मुळात शीर लागतेच का?

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जीवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीत) अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत जातं. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या अ‍ॅम्प्यूलमधलं अर्धा मिली. शीर शोधेपर्यंत ते अडवून धरणं ही सर्रास होणारी आणि जीव घेणारी चूक आहे. चालू झटक्यात मिडाझोलाम स्नायूत किंवा नाकातून देता येतं. शुद्धीवर असलेल्या, उलटी नसलेल्या पेशंटचं पाणी कमी झालं असेल तर ओआरएस तोंडानं, नाहीतर नाकातल्या नळीनं. हे उपाय ‘कमी दर्जाचे’ नाहीत. ते वेळेवर होतात, हीच त्यांची किंमत.

शीर लागणारच असेल तर थेट मानेतली बाहेरची शीर, सोनोग्राफी मशीन असेल तर त्यावर पाहून दंडातली खोल शीर, नाहीतर नडगीच्या हाडातून. हाडातली सुई शिकलेल्या हातानंच घालायची. पण तुमच्या रुग्णालयात ती आहे का आणि कोणत्या कपाटात आहे, हे आजच पाहून ठेवा. लहान मुलाचं हृदय बंद पडलं असेल तर शीर शोधण्यात एका मिनिटापेक्षा जास्त घालवू नका, हाडातून घ्या.

साप चावलेल्या पेशंटबद्दल दोन शब्द. चावलेल्या हातापायाला शीर शोधू नका. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठत नसतं, म्हणून एकेक फसलेली टोच तासभर गळत राहते. मान आणि जांघ टाळा. जिथं दाबून धरता येईल अशी, म्हणजे कोपराखालची शीर घ्या. आणि अशा पेशंटचं बीपी केव्हाही ढासळू शकतं, म्हणून मलम नाहीच.

> तपासा: पेशंट १५ मिनिटं थांबू शकतो का, हे डॉक्टरांना मोठ्यानं विचारा आणि उत्तर ऐका. ‘बघू’ हे उत्तर नाही.

टप्पा ३: विचारायचे प्रश्न, आणि कुणासमोर विचारायचे

इथं घाई केली तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

पहिला प्रश्न ताकदीच्या गोळ्यांचा. सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतलं असेल तर नायट्रोग्लिसरीन कुठल्याच रूपात नको. बीपी असं कोसळतं की सावरत नाही. हा प्रश्न सून आणि नातवंडांसमोर विचारलात तर उत्तर कायम ‘नाही’च येणार. नातेवाइकांना केसपेपर काढायला पाठवा, पडदा ओढा, आवाज खाली घ्या. ‘शक्तीची गोळी, पावडर, काही घेतलं का दोन दिवसांत? मी कुणाला सांगणार नाही, पण नाही सांगितलं तर माझ्या औषधानं तुम्हाला त्रास होईल.’ जडीबुटी म्हणून बाजारात विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही हेच औषध मिसळलेलं सापडतं, म्हणून ‘आयुर्वेदिक आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. पाळीत पुरुष कर्मचारी असेल तर त्यालाच विचारायला सांगा. माझ्यापेक्षा वॉर्डबॉयला खरं उत्तर लवकर मिळतं, हा अनुभव आहे.

एक आडवळण: फुप्फुसातल्या दाबासाठीही सिल्डेनाफिल देतात, बायकांना आणि मुलांनाही. म्हणून हा प्रश्न फक्त पुरुषांचा नाही.

दुसरा प्रश्न: आधीच काय दिलंय? खिशात सॉर्बिट्रेट (तेही याच जातीचं छातीदुखीचं औषध), बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटची गोळी. आणि विंचू. लाल विंचू चावला की हातपाय गार पडतात, घाम सुटतो, शिरा लपतात. पाहणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर आवळलेली शीर, मलमाचीच केस. पण त्याला प्राझोसिन दिलेलं असतं किंवा दिलं जाणार असतं, आणि तेही रक्तवाहिन्या सैल करणारंच औषध. दोन्ही एकत्र नको. प्राझोसिन तोंडानं जातं, त्यासाठी शीर लागतच नाही; पेशंटला झोपवून ठेवा आणि ऊब द्या.

तिसरा: डोक्याला मार, उजव्या बाजूचा हार्ट अटॅक, महाधमनीची झडप आकसलेली, काचबिंदू, नायट्रेटची अ‍ॅलर्जी. यातलं काहीही असेल तर नाही. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आधी, मलम नंतर.

चौथा मुद्दा नंदुरबारकडच्या सहकाऱ्यांसाठी. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागात सिकलसेलचे पेशंट नेहमीचे. त्यांच्या शिरा लहानपणापासून टोचून संपलेल्या असतात, म्हणून मलमाची आठवण पहिल्यांदा त्यांच्याच बाबतीत होते. पण तीव्र रक्तक्षय हे नायट्रोग्लिसरीन न देण्याचं ठरलेलं कारण आहे, आणि क्रायसिसमध्ये, म्हणजे वेदनांचा झटका येऊन आलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन बहुतेक वेळा कमीच असतं. वर पाणीही कमी झालेलं. म्हणजे शीर जळलेलीही आणि रिकामीही. त्यांना मलम नको. ऊब द्या, पाणी पाजा, आणि सर्वांत अनुभवी हात पहिल्याच टोचण्याला पुढे करा. गार कापूस, गार स्पिरिट, वरून एसी, हे सगळं त्यांच्यापासून लांब ठेवा. थंडीनं क्रायसिस वाढतो.

गरोदर बाई, तान्हं बाळ, लहान मूल: तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतः ठरवल्याशिवाय नाही. बाळाची त्वचा पातळ, शरीर लहान. तेवढंच मलम त्याच्या रक्तात कितीतरी जास्त जातं.

टप्पा ४: ट्रे

ट्यूब हातात घेतली की आधी टक्केवारी वाचा. छातीसाठीचं मलम २ टक्के असतं. गुदद्वाराच्या चिरेसाठी मिळणारं ०.२ टक्के, म्हणजे दहा पट पातळ. नाव सारखं, खोकं जवळजवळ सारखं. ०.२ वालं घेऊन ‘परिणाम का नाही’ म्हणत बसलेले मी पाहिलेत. त्याहून वाईट म्हणजे पातळ आहे म्हणून दहापट थापणारे. पुढच्या वेळी सवयीनं तेवढंच २ टक्क्यांचं थापलं जातं.

मलम नसेल तर जुगाड करू नका. अ‍ॅम्प्यूलमधलं नायट्रोग्लिसरीन त्वचेवर चोळायचं नाही. जिभेखालचा स्प्रे शिरेसाठी मारायचा नाही; तो एका फवाऱ्यात ०.४ मिलिग्रॅम सरळ रक्तात पाठवतो आणि हाताच्या शिरेआधी बीपी हलवतो. छातीवर लावायची पट्टी कापून हातावर चिकटवायची नाही. तिचा परिणाम सावकाश येतो आणि कापल्यावर मात्रा किती, हे देवालाच ठाऊक.

ट्रेमध्ये हवं ते: दोन जोड हातमोजे, मापाचा कागद, सुका गॉज भरपूर, साबणपाणी, क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट, टूर्निकेट, गुलाबी आणि निळी व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची नळी; निळी बारीक, गुलाबी मध्यम, हिरवी जाड) प्रत्येकी दोन, सलाइन भरलेली सिरिंज, चिकटपट्ट्या कापून तयार, बीपीचं मशीन दुसऱ्या हाताला बांधलेलं, ५०० मिलीची बाटली सेट लावून हवा काढून टांगलेली. आणि घड्याळ. मोबाइलचा टायमर उत्तम.

टप्पा ५: आधी ऊब

खरं सांगायचं तर दहातल्या बऱ्याच पेशंटना मलमापर्यंत जावंच लागत नाही. आवळलेली शीर उघडण्याचा सर्वांत साधा उपाय गरम टॉवेल आहे, आणि तो बीपी पाडत नाही.

टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला ५ सेकंद धरून पाहा. तुम्हाला चटका वाटला तर पेशंटला भाजणारच. मधुमेहाच्या पेशंटला तर कळणारही नाही. कोपरापासून बोटांपर्यंत गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी, त्यावर चादर. हात खाटेच्या कडेखाली लोंबता ठेवा. १० मिनिटं. मध्ये एकदा टॉवेल बदला. नाहीतर पाच मिनिटांत तो गार होतो आणि तुम्ही ऊब नव्हे, गारवा देत बसता. ही चूक इतकी सर्रास आहे की ‘शेकून काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा टॉवेल गार असतो, अशी माझी खात्री आहे.

दहा मिनिटांनी उघडा, कोरडं करा, टूर्निकेट लावून पाहा. शीर दिसली किंवा लागली तर सरळ टप्पा ८. नाही लागली, तरच पुढे.

> इशारा: ऊब आधी, मलम नंतर, आणि एकावर एक कधीच नाही. मलमावर गरम टॉवेल ठेवला तर त्वचेतून औषध कितीतरी वेगानं आत जातं.

टप्पा ६: मलम लावणं

पेशंट आडवा. बसलेला नाही, उभा तर नाहीच. लावण्यापूर्वी पुन्हा बीपी घ्या. टप्पा १ मधलं आता जुनं झालंय.

हातमोजे घाला, आणि हे पेशंटसाठी नव्हे, तुमच्यासाठी. सुरुवातीला मी उघड्या बोटानं लावायचे. ड्यूटी संपेपर्यंत कपाळ ठणकत राहायचं आणि मी चहा कमी झाला म्हणून अजून एक कप मागवायचे. कारण कळायला मला तीन ड्यूट्या लागल्या.

जागा निवडा: हाताचा पालथा भाग किंवा मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूची शीर. त्वचा अखंड हवी. खरचटलेल्या, भाजलेल्या जागेवर नाही. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असलेला हात, स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात, लकव्याचा हात वर्ज्य.

मात्रा: २ टक्के मलमाची एक इंच पट्टी म्हणजे १५ मिलिग्रॅम. आपल्याला पाव इंच पुरे, म्हणजे पावणेचार मिलिग्रॅम, सुमारे ६ मिलिमीटर लांबीची पट्टी. ती मापाच्या कागदावर घ्या, बोटावर नाही. कागदानंच एका रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पातळ पसरा. चोळू नका. वर ड्रेसिंग, प्लास्टिक, पट्टी काहीही लावू नका. झाकलं की शोषण वाढतं. दुसऱ्या हातालाही ‘म्हणजे दोन्हीकडे तयार राहील’ म्हणून लावू नका.

टूर्निकेट आत्ता नाही. यावर मी सर्वांत जास्त भांडते. टूर्निकेट बांधून मलम लावलं की दहा मिनिटं हात निळा पडतो, पेशंट ओरडतो, शीर आत तटतटून फुटायला टेकते आणि टोचताच रक्त बाहेर पसरतं. शिवाय सोडलं की अडकून राहिलेलं औषध एकदम अंगात जातं.

टायमर लावा. ५ मिनिटांनी पाहा, बीपी घ्या. शीर वर आली असेल तर तिथंच थांबा, पूर्ण वेळ भरायची गरज नाही. १५ मिनिटांच्या पुढे ठेवू नका, आणि परिणाम नाही म्हणून दुसऱ्यांदा लावू नका. एकदा नाही उघडली तर ती शीर आवळलेली नव्हतीच. टप्पा १ मधलं निदान चुकलं.

> लगेच पुसा, जर: सिस्टोलिक ९० च्या खाली आलं, किंवा सुरुवातीपेक्षा ३० नं उतरलं, चक्कर, मळमळ, घाम, नाडी एकदम धावू लागली किंवा एकदम मंदावली. पाय वर, ऑक्सिजन तयार, डॉक्टरांना हाक. नुसतं डोकं दुखत असेल तर घाबरू नका, ते अपेक्षित आहे. पण विचारत राहा.

टप्पा ७: पुसणं, ज्याला कुणी टप्पा मानत नाही

पुसायचं तीनदा. आधी सुक्या गॉजनं मलम उचलून घ्यायचं, पसरवायचं नाही. मग साबणपाण्याच्या गॉजनं, मग कोरड्यानं. बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर अजून आहे.

का एवढं? मलम राहिलं तर तीन गोष्टी होतात. क्लोरहेक्सिडिन त्वचेला लागतच नाही, म्हणजे तुम्ही चिकट तेलातून सुई घालता. चिकटपट्टी धरत नाही, आणि पेशंटला गाडीत चढवताना व्हेनफ्लॉन निसटते. तिसरं म्हणजे औषध आत जातच राहतं. पाळी बदलते, मलमाबद्दल कुणाला ठाऊक नसतं, आणि तासाभरानं बीपी का पडतंय याचा शोध सुरू होतो.

गॉज हातमोज्यात गुंडाळून टेबलावर ठेवू नका. गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, आणि आता नवे हातमोजे. जुन्याच हातमोज्यांनी व्हेनफ्लॉन धरली की ती बोटातून सटकते, हे एकदा करून पाहिलेल्याला सांगावं लागत नाही.

टप्पा ८: टूर्निकेट आणि टोचणं

आता टूर्निकेट, टोचायच्या जागेपासून चार-पाच बोटं वर. मनगटाची नाडी लागली पाहिजे. नाही लागली तर तुम्ही धमनीच बंद केलीय आणि शीर भरणार कुठून? म्हाताऱ्या, पातळ त्वचेच्या पेशंटला रबरी पट्टीऐवजी बीपीचा पट्टा खालच्या आकड्यापेक्षा थोडा कमी फुगवून ठेवा. कातडी चिमटत नाही आणि शीर फुटत नाही. एक मिनिटात टोचून व्हायला हवं. नाही झालं तर सोडा, थांबा, पुन्हा लावा.

हातावर चापट्या मारणं बंद करा. दुखलं की शीर पुन्हा आवळते, आणि तुम्ही पंधरा मिनिटांची मेहनत एका चापटीत घालवता. बोटाच्या टोकानं हलकं टिचकावा, मूठ दोन-तीनदा उघडझाप करायला सांगा. डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवा: चांगली शीर दाबून सोडली की उसळी मारते. ठोके लागत असतील तर ती धमनी आहे.

क्लोरहेक्सिडिन लावून ३० सेकंद वाळू द्या. फुंकर नको.

मलमानं उघडलेली शीर नेहमीच्या शिरेपेक्षा पातळ भिंतीची असते आणि सरकते. म्हणून खालची त्वचा अंगठ्यानं ताणून धरा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. नेहमीपेक्षा आडवा कोन घ्या, १० ते १५ अंश. रक्त दिसलं की लगेच कॅथेटर ढकलू नका. सुई अजून सपाट करा, दोन-तीन मिलिमीटर पुढे न्या, मग कॅथेटर सुईवरून सरकवा. आधी टूर्निकेट सोडा, मग सुई काढा. उलटं केलं तर रक्त उसळतं आणि चादरीबरोबर शीरही जाते. सुई थेट पांढऱ्या डब्यात. पाच मिली सलाइन हळू ढकला आणि वरच्या बाजूला बोट ठेवा: फुगवटा नाही, दुखत नाही, अडथळा नाही, तर आत आहे.

हिरवी व्हेनफ्लॉन घालायचा मोह टाळा. शीर आत्ता मोठी दिसतेय, मलम उतरलं की तिचा मूळ आकार परत येतो. निळी चालेल, गुलाबी उत्तम.

एका माणसानं दोनदा, मग हात बदला. दुसऱ्यानंही दोनदा, मग ही वाटच बदला. एक आजी पाचव्या टोचण्याला मला म्हणाल्या होत्या, ‘बाई, आते बस व्हयनं.’ तो नियम मी त्या दिवसापासून पाळते.

टप्पा ९: बसवलेली शीर टिकवणं आणि लिहून ठेवणं

बीपी ५ मिनिटांनी, १५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं. पहिला अर्धा तास पेशंटला उठवू नका, संडासलाही नाही, बेडपॅन द्या. उठताना आधी बसवा, मग पाय खाली, मग उभं. बीपी उतरलंच तर झोपवा, पाय वर, हात पुन्हा साबणपाण्यानं पुसा आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सलाइन सोडा.

व्हेनफ्लॉनवर पट्टी दोन दिशांनी, नळीला एक वळसा देऊन तो वेगळा चिकटवा. धडगावहून चांदसैली घाट उतरून नंदुरबारला पेशंट न्यायचा असेल तर मनगटाखाली पुठ्ठ्याची फळी बांधा. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर अँब्युलन्समध्ये दुसरी शीर शोधायला कुणाला जमत नाही.

केसपेपरवर या ओळी हव्यातच, आणि पेशंट रेफर होत असेल तर रेफरल चिठ्ठीवरही. १०८ च्या डॉक्टरांना तोंडीही सांगा, कारण वाटेत बीपी पडलं तर त्यांनी कशाकडे पाहायचं हे त्यांना कळायला हवं:

नायट्रोग्लिसरीन मलम २ टक्के, पाव इंच, डावा हात पालथा भाग. लावलं ५:१०, पुसलं ५:२०. बीपी आधी १३८/८४, ५ मिनिटांनी १२६/७८, पुसल्यावर १२८/८०. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, सॉर्बिट्रेट नाही, पेशंटला एकट्यात विचारलं. निळी व्हेनफ्लॉन, दुसऱ्या टोचण्यात. ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांची सही.